वन्स मोअर नामंजूर

कोणतेही काम संपले की त्या दोन्ही हात एकदा झटकत, रिकामे तळवे समोरच्याला दाखवत आणि म्हणत, "दॅट्स युअर लॉट." उत्तर इंग्लंडमधल्या त्यांच्या गावाकडची ही बोलण्याची रीत. मिळायचे ते मिळाले, आणखी मागू नका, असा तिचा सरळ अर्थ. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून झाला की फावडे ढिगाऱ्यात उभे रोवून हे वाक्य. शाळेची बस त्या चालवत. शेवटचे मूल उतरले की त्या मुलालाही हेच वाक्य. माझ्या पत्नीने वाढायला घेतलेली तिसरी पोळी अडवतानाही तेच, फक्त 'युअर'च्या जागी 'माय'. आग्रह हा ज्या घरात शिष्टाचार समजला जातो, त्या घरच्या गृहिणीला हे ऐकून काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या बँडचेही नाही. त्या नावावर हक्क कोणाचा, हा वाद माझ्या मते अजून मिटलेला नाही, आणि वादग्रस्त मालमत्तेला परस्पर हात लावू नये एवढे मी जाणतो. नागपुरातून कायद्याची पदवी घेऊन मी तरुणपणी कॅनडात आलो. इथल्या मंडळींनी सांगितले, पुन्हा पहिल्यापासून शिका. मी म्हटले, शिकणार नाही. मग टोरोंटोतल्या एका विमा कंपनीत इतरांचे दावे तपासत मी निवृत्त झालो. वकिली करता आली नाही. पत्रे लिहिता आली. नगरपालिका, बँक, फोन कंपनी, बर्फ उचलणारा कंत्राटदार, यांपैकी ज्याला माझे पत्र गेलेले नाही त्याने स्वतःला भाग्यवान समजावे.

मुलाच्या घराजवळ राहावे म्हणून आम्ही टोरोंटोजवळच्या मिल्टनला आलो. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे मधल्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन संसार. पलीकडच्या बाजूला या बाई एकट्या राहत. आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात भिंतीतून धडधड ऐकू येऊ लागली. बाई पूर्वी कुठल्याशा बँडमध्ये ड्रम वाजवीत असत, असे समोरच्या घरातून कळले होते. मी शहराच्या ध्वनिविषयक उपनियमांचा अभ्यास केला आणि तीन पानी पत्र त्यांच्या पेटीत टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या. उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले. हातात माझे पत्र. आमचे बोलणे अर्थात इंग्रजीत झाले. ते इथे मराठीत मांडतो आहे. तिरकसपणा मात्र त्यांचाच.

"पत्र सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं लिहिलेलं परीक्षण आमच्या पहिल्या रेकॉर्डलाही मिळालं नव्हतं. पण दुसरा मुद्दा चुकला, मिलॉर्ड. ते माझं वॉशिंग मशीन आहे. ड्रम मी रबरच्या पॅडवर वाजवते. माझे ड्रम तुम्ही अजून ऐकलेलेच नाहीत."

"यंत्राचा आवाजही त्याच उपनियमात येतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ निरखून पाहिले. रागीट माणसाला दुसरे रागीट माणूस ओळखू येते. "मग पत्र मशीनच्या नावाने लिहा," त्या म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की आतून पत्नी चहा टाकू का म्हणून विचारायला आली.

असा आमचा परिचय झाला. मशीनखाली त्यांनी जाड मॅट घातली. मी प्रकरण बंद केल्याचे पत्र दिले. ते त्यांनी फ्रिजवर लावले.

त्यानंतर रविवारी दुपारी त्या आमच्याकडे चहाला येऊ लागल्या. माझ्या पत्नीला त्या 'ताई' म्हणत. उच्चारात ते गळ्यात बांधायच्या टायसारखे होई. पत्नीने त्यांना पोहे शिकवले, भाकरी थापायला शिकवली, आणि निघताना काय म्हणायचे तेही शिकवायचा चंग बांधला.

"जाते म्हणायचं नाही हं. येते म्हणायचं."

"पण मी जातेय."

"जात असलं तरी. जाते म्हटलं की अशुभ वाटतं. येते म्हणजे परत येईन."

"परत येणारच आहे की नाही, ते मला आत्ता कुठे माहीत आहे?" दारात बूट चढवत त्या म्हणत, आणि मग अगदी स्वच्छ मराठीत, "जाते."

"अहो, सांगा ना हिला!" पत्नी मला म्हणे.

मी काय सांगणार? शपथेवर दिलेल्या साक्षीत चूक काढायला जागा नव्हती.

त्यांचा बँड वाजवी ते ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारले. माझे कान नाट्यसंगीतावर पोसलेले. आमच्या वडिलांना नाटकांचे वेड होते आणि गावात कंपनी आली की आम्ही पहिल्या रांगेच्या मागे उभे राहून पदे ऐकत असू. "ऑल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी," मी म्हणालो. "कायद्यात पर्यायी मागणी म्हणजे मूळ मागणी मान्य होणार नसेल तर पुढे करायची ती. तुमचं संगीत कशाला पर्याय होतं?"

"तेव्हा रेडिओवर जे जे लागायचं, त्या सगळ्याला," त्या म्हणाल्या.

आणि मग पुढच्या कित्येक रविवारी त्या बँडची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. गिरण्या बंद पडलेल्या गावातली चार मुले. एक गाणारा, एक गिटारवाला, एक बेसवाला आणि या. गालिच्यांच्या बंद दुकानाच्या वरच्या खोलीत सराव, कारण तिथे न विकले गेलेले गालिचे भिंतींना लावून आवाज अडवता येई. पहिली रेकॉर्ड एका लहानशा कंपनीने काढली. तिचे कव्हर त्यांनीच स्वयंपाकघरात बसून चिकटवले. दुसऱ्या रेकॉर्डमधले एक गाणे अचानक सगळीकडे वाजू लागले. मग टीव्हीवरून बोलावणे आले. तिथे प्रत्यक्ष वाजवायचे नसे. रेकॉर्ड लावत आणि बँडने फक्त वाजवल्याचा अभिनय करायचा.

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"गेलो की. अभिनय करायचा म्हणजे करायचा. मी काठ्यांऐवजी कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या घेऊन बसले. पहिल्या कडव्यातच पात सगळीकडे उडाली. गाणाऱ्याच्या केसांत, कॅमेऱ्यावर. पुन्हा कधी बोलावलं नाही."

मी खुर्चीवरून उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. लेखी तक्रारीवाचून केलेला इतका नेमका निषेध मी ऐकलेला नव्हता.

त्या बँडचे दोन नियम होते, आणि हे व्यक्तिचित्र समजायचे असेल तर ते दोन्ही ध्यानात ठेवायला हवेत.

पहिला नियम असा की चार जणांना चार मते. बँडच्या नावाने काहीही करायचे तर चौघांचे हात वर जायला हवेत. एक हात खाली राहिला तर ती गोष्ट होणार नाही. व्हॅनमध्ये बसून त्यांनी हा ठराव केला होता आणि शेवटपर्यंत पाळला. नंतर मिळालेल्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिसऱ्या रेकॉर्डसाठी यंत्रावरचे ड्रम सुचवले, तेव्हा यांचा हात खाली राहिला, आणि यंत्र परत गेले. कंपनीही हळूहळू गेली. अखेर अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यात, इथे ऑन्टारियोतच, हायवेच्या कडेला व्हॅन बर्फात रुतलेली असताना गाणाऱ्याने विचारले, "थांबायचं का आता?" चार हात वर गेले. बँड संपला. तिघे मायदेशी परतले, या इथे राहिल्या, लग्न केले, काही वर्षांनी नवरा गेला, आणि त्यांनी बसचे स्टिअरिंग हातात घेतले. बेसवालाही पुढे वारला.

दुसरा नियम वन्स मोअर न घेण्याचा. इकडे त्याला एन्कोर म्हणतात. शेवटचे गाणे झाले की यांनी काठ्या ठेवायच्या, हात झटकायचे, "दॅट्स युअर लॉट" म्हणायचे आणि निघायचे. लोक ओरडोत, पाय आपटोत. परत यायचे नाही.

या दुसऱ्या नियमावरून आमचे पहिले खरे भांडण झाले.

"हा उद्दामपणा आहे," मी म्हणालो. "आमच्या रंगभूमीवर प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की नाटक थांबत असे. मेलेलं पात्रसुद्धा उठून पद पुन्हा म्हणे. तो रसिकांचा अधिकार होता!"

"मागायचा अधिकार," त्या म्हणाल्या. "मागितल्यावर मिळेलच असं होतं का?"

"छे. नट रंगात नसेल तर नाही. आणि पद पडलं असेल तर कोणी मागतही नसे."

"मग तुमचा वन्स मोअर खरा आहे. आमच्याकडे काय होतं ते सांगते. परत येऊन वाजवायची गाणी सकाळीच ठरलेली असतात. जमिनीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली असतात. सगळे जायचं नाटक करतात, पडद्यामागे पाणी पितात, आणि लोकांनी मागितलं म्हणून परत आलो असं दाखवतात. लोकांनाही ठाऊक असतं. दोघे मिळून खोटं बोलतात."

"मिसरिप्रेझेंटेशन," मी म्हणालो. "दिशाभूल करून घेतलेली संमती."

"बघा," त्या पत्नीला म्हणाल्या, "मला इतकी वर्षं जे शब्दांत सांगता येत नव्हतं, ते मिलॉर्डनी एका शब्दात सांगितलं."

आणखी एक गोष्ट त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिली. मी रागावलो की टेबलावर बोटे आपटतो. इतक्या वर्षांत पत्नीने त्याला फक्त 'आवाज' म्हटले होते. "तुम्ही सातात आपटता," बाई म्हणाल्या. "माझ्या ओळखीचे सगळे चिडके लोक चारात आपटतात. तुमचा राग तिरका चालतो." तो सात मात्रांचा रूपक ताल होता. वडिलांच्या नाटकवेडातून तो माझ्या बोटांत आला असावा, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

एका वसंतात त्या रविवारऐवजी मंगळवारी आल्या. टोरोंटोत स्ट्रीटकारच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यावर त्यांनी एक पोस्टर पाहिले होते. त्यांच्या बँडचे नाव, मोठ्या अक्षरांत. पुनर्मीलनाचा दौरा. गाणारा आणि गिटारवाला हे दोघे जुने, बाकी दोघे नवीन पोरे. चित्र पहिल्या रेकॉर्डवरचेच, पण त्यातले दोन चेहरे काळोखात ढकललेले. एक मृताचा, दुसरा यांचा.

त्या आमच्या टेबलाशी बसल्या. चहाला हात लावला नाही.

"माझा हात वर नव्हता," त्या म्हणाल्या.

पत्नीने विचारले, "म्हणजे त्यांनी तुला विचारलंच नाही?"

"विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. आणि ताई, ते दर रात्री तीन-तीन एन्कोर करतायत."

आयुष्यभर त्यांनी फारसे काही जमवले नव्हते. घर बँकेचे, बस शाळा मंडळाची. त्यांच्या मालकीचे एकच होते, ते म्हणजे त्यांचे 'नाही'. ते न मोजताच बाजूला सारले होते. त्यांना पैसे नको होते, पोस्टरवर चेहरा नको होता. त्यांना इतकेच हवे होते की एकदा तरी ते 'नाही' मोजले जावे.

"कायद्यात जागा आहे का?" त्यांनी विचारले.

मी खोटे बोलत नाही. "तोंडी करार, परदेशात झालेला, साक्षीदारांपैकी एक मृत, आणि मुदत कधीच उलटलेली. जागा फार थोडी आहे."

"थोडी म्हणजे किती?"

"पाऊल ठेवण्याएवढी."

"माझे पाय लहान आहेत," त्या म्हणाल्या. हे धादांत असत्य होते, पण मी हरकत घेतली नाही.

मी पत्रे लिहिली. वाचकहो, मी आयुष्यात पुष्कळ पत्रे लिहिली, पण त्या उन्हाळ्यातल्या पत्रांना तोड नाही. दौऱ्याच्या आयोजकांना, त्यांच्या टोरोंटोतल्या प्रतिनिधींना, थिएटरच्या व्यवस्थापकांना. उत्तरे आली ती गुळगुळीत. आपल्या भावनांचा आदर आहे. आपले योगदान मोलाचे आहे. एकाही पत्रात 'मत' हा शब्द नव्हता. प्रत्येक उत्तर बाईंना वाचून दाखवताना माझी बोटे सातात आपटत, आणि त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोटांनीच त्याला साथ देत. पत्नी म्हणे, "तुमची मैफल झाली की सांगा, मला कणीक मळायची आहे."

शेवटी गाणाऱ्याचा स्वतःचा फोन आला. आमच्याच स्वयंपाकघरात त्यांनी तो स्पीकरवर घेतला. आवाज गोड, दमलेला. ये, म्हणाला. टोरोंटोच्या कार्यक्रमात शेवटची चार गाणी तू वाजव. तुझा तो जुना ड्रमचा किट अजून आहे का? रेकॉर्डवरचा? तोच आण, लोक वेडे होतील. अख्खा कार्यक्रम त्याच किटवर करू, आमचा वाहून आणायचा खर्च वाचेल.

माझा चेहरा लाल झाला. पत्नीने डोळ्यांनी मला बसवले. बाईंनी शांतपणे म्हटले, "येईन. अटी मिलॉर्ड पाठवतील."

फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "अगं, इतकं भांडून शेवटी हो म्हणालीस?"

"ताई, मत द्यायचं तर खोलीत असायला लागतं."

अटींचा मसुदा आम्ही दोघांनी केला. पहिल्या तीन अटी सामान्य: वेळ, वाहतूक, विमा. चौथी त्यांनी सांगितली: शेवटचे गाणे संपताच बाईंची वाद्ये त्यांच्या ताब्यात येतील, इतर कोणीही ती वाजवणार नाही, आणि थिएटरची माणसे ती ताबडतोब बाहेर न्यायला मदत करतील.

मी लेखणी थांबवली. "शेवटचं गाणं कोणतं? व्याख्या लागेल. ते म्हणतील, एन्कोरमधलं शेवटचं."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. विजेचा दिवा लागावा तसे काही झाले नाही. दोन जुन्या माणसांना एकाच वेळी एकच दुष्ट विचार सुचला, इतकेच. मी लिहिले: 'शेवटचे गाणे म्हणजे असे गाणे, ज्यानंतर वादक प्रथम रंगमंच सोडतील.'

"परत येणार असतील तर सोडायचं कशाला?" बाई निरागसपणे म्हणाल्या.

आयोजकांनी सही केली. जे लोक दर रात्री खोटे निघून जातात, त्यांना निघून जाण्याची व्याख्या वाचायची सवय नसते.

थिएटर जुने, गॅलरी असलेले, आमच्या नाटकाच्या थिएटरांची आठवण देणारे. पत्नीने पश्मिन्याची शाल घेतली होती आणि कानांत कापूस. आजूबाजूला काळे टी-शर्ट घातलेले, पोट सुटलेले, टक्कल पडलेले गृहस्थ.

"अहो, हे तर सगळे आपल्या मराठी मंडळातल्यासारखे दिसतात," ती कुजबुजली.

पहिला तासभर मला काही कळले नाही. नवीन पोरगा बाईंच्या किटवर व्यवस्थित वाजवत होता. मग बाई आल्या. शाळेची बस चालवताना घालत तेच जाकीट अंगात. थिएटर उठून उभे राहिले. त्या बसल्या, पेडलची उंची पायाने चाचपली, आणि सुरू झाल्या.

मी संगीताचा समीक्षक नाही. एवढेच सांगतो, की तोवर चौघे आपापले वाजवत होते, आणि यांनी पहिला ठोका दिला तेव्हा बाकीचे तिघे एकदम ताठ उभे राहिले; वर्गात बाई आल्यावर मुले उभी राहतात तसे. पत्नीने कानातला कापूस काढला. चौथ्या गाण्यात मधल्या जागेवर त्यांनी चारांची चाल सोडली आणि काही आवर्तने वेगळेच काही वाजवले. पत्नीने माझा दंड धरला. "अहो, हे तुमचं टेबल आहे," ती म्हणाली. सातात होते. गाणारा वळून बघत राहिला, आणि त्याला परत आत शिरता येईना, तेव्हा त्यांनीच त्याला हात धरून आणल्यासारखे समेवर आणले.

गाणे संपले. दिवे गेले. वादक आत गेले. लोक ओरडू लागले. पाय आपटू लागले.

बाई उठल्या नाहीत. अंधुक उजेडात त्या झांजांचे स्क्रू काढत होत्या.

बाईंचा प्रतिनिधी म्हणून मला पास दिलेला होता. मी खाली उतरून रंगमंचाच्या बाजूला पोचलो तोवर आयोजकांचा एक तरुण धावत आला होता. "मॅम, व्हॉट आर यू डूइंग? अजून तीन गाणी आहेत!"

"कलम चार," मी म्हणालो आणि कागद पुढे केला. "वादकांनी रंगमंच प्रथम सोडला. आपल्या मालकांची सही खाली आहे."

त्याने वाचले. पुन्हा वाचले. थिएटरच्या दोन कामगारांनी त्याच्या खांद्यावरून वाचले, एकमेकांकडे पाहिले, आणि अतिशय आनंदाने मोठा ड्रम उचलला.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे दिवे लागले आणि ठरल्याप्रमाणे वादक टाळ्यांच्या गजरात परत आले. मध्ये ड्रम नव्हते. फक्त एक स्टूल होते, आणि त्याच्या शेजारी काखेत स्नेअर नावाचा छोटा ड्रम घेतलेल्या बाई.

गाणारा त्यांच्या जवळ आला. मी हाताच्या अंतरावर होतो, म्हणून ऐकू शकलो.

"तू बदलली नाहीस," तो म्हणाला.

"तू बदललास, आणि मला विचारलं नाहीस."

मग त्या पुढे आल्या. लोकांना वाटले, काही बोलणार. थिएटर शांत झाले. त्यांनी मोकळा हात आधी सरळ वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तितक्याच सावकाश खाली घेतला. अंगाशी चिकटवून ठेवला. त्यांचे मत पडले. मायक्रोफोनशी वाकून त्या म्हणाल्या, "दॅट्स युअर लॉट."

निम्मे लोक ओरडले. शिव्याही ऐकू आल्या. त्या मी इथे देत नाही. पण पुढच्या रांगांतले काही टकले गृहस्थ आधी स्तब्ध झाले आणि मग हसू लागले, टाळ्या वाजवू लागले. त्यांना जुना नियम ठाऊक होता. ते आपापली जाकिटे घेऊन, कोणी न सांगता, दाराकडे वळले. त्या दिवशी वन्स मोअर झाला नाही.

पुढच्या शहरात भाड्याचा किट आला, आणि तीनही एन्कोर झाले. इंटरनेटवर लोकांनी बाईंना हेकट म्हातारी म्हटले. मी त्यांना सांगितले, "कायद्यात याला अंतरिम मनाई म्हणतात. कायमची नसते. पण जितका काळ असते तितका काळ ती पूर्ण असते."

"मला पुरली," त्या म्हणाल्या, आणि पत्नीने न विचारता तिसरी पोळी वाढली, ती त्यांनी खाल्ली.

नंतरच्या वर्षी त्यांची बोटे आखडू लागली. भिंतीपलीकडची पॅडवरची टिकटिक आधी विरळ झाली, मग थांबली. बसही सोडावी लागली. त्यांनी घर विकले आणि समुद्रकाठी, नोव्हा स्कोशियात, धाकट्या बहिणीकडे जायचे ठरवले.

निघायच्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर गाडी भरून उभी होती. मागच्या सीटवर स्नेअर ड्रम, पट्टा लावून बसवलेला. पत्नीने दशम्यांचा डबा दिला. बाईंनी तो घेतला, तिला मिठी मारली, माझ्याशी हस्तांदोलन केले. मग गाडीत बसल्या, काच खाली केली.

आम्ही तिघेही एकाच शब्दाची वाट पाहत होतो. इतक्या वर्षांत एकदा, निदान ताईच्या समाधानासाठी, त्या खोटे बोलू शकल्या असत्या.

"जाते," त्या म्हणाल्या.

पत्नीला रागवायची सवय होती. मला वाटले रागावेल. पण तिने खिडकीतून हात घालून त्यांच्या गालावरून बोटे फिरवली आणि आमच्या दारात कोणालाही कधी म्हटले गेले नव्हते ते म्हटले. "जा. नीट जा."

गाडी मागे सरकली, वळली, रस्त्याला लागली. तेव्हा त्या शांत वसाहतीच्या मधोमध, ध्वनिविषयक सर्व उपनियमांचा भंग करून, मी लहानपणी पहिल्या रांगेच्या मागे उभा राहून ओरडत असे तसा ओरडलो, "वन्स मोअर!"

समोरच्या घराचा पडदा हलला. पत्नीने शालीचे टोक तोंडाला लावले. मी पुन्हा ओरडलो. तो माझा अधिकार होता.

काच अजून खालीच असावी, कारण खिडकीतून एक हात बाहेर आला. सरळ वर गेला, आणि सावकाश खाली गेला.

गाडी थांबली नाही. थांबली असती तर मी त्यांना कधीच क्षमा केली नसती.